गृहीतांचेही परीक्षण हवे

जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या युरोपीय संशोधनसंस्थेने आपल्या महाकाय कणत्वरकाचे नूतनीकरण हाती घेतले असून, २०३० च्या सुमारास तो अधिक तीव्र कणझोतांसह कार्यान्वित व्हावा, अशी योजना आहे. त्यासाठी नायोबियम आणि कथील यांच्या संयुगाची नवी चुंबके वापरली जाणार आहेत. हे संयुग प्रबळ चुंबकीय क्षेत्र पेलते. परंतु ते ठिसूळ असते. अशा वेळी या यंत्राच्या सुरक्षा-परीक्षणाचा पूर्वेतिहास तपासणे उद्बोधक ठरेल. भारत २०१७ पासून सर्नचा सहयोगी सदस्य आहे व त्यापोटी वर्गणीही भरतो. तेव्हा हा प्रश्न केवळ परक्यांचा मानण्याचे कारण नाही.

जमिनीखाली सुमारे १०० मीटर खोलीवरील २७ किलोमीटर परिघाच्या बोगद्यात १,२३२ मुख्य चुंबके कणांच्या झोताला वळण देतात. त्यांच्या वेटोळ्यांतून हजारो अँपिअर प्रवाह वाहू शकतो, तो अतिवाहकतेमुळे. आणि ती टिकवण्यासाठी चुंबके द्रवरूप हेलियमने उणे २७१ अंश सेल्सिअसपर्यंत थंड ठेवावी लागतात. तार किंचित तापली तरी अतिवाहकता लोपते आणि साठलेली ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर पडू लागते. द्रव हेलियमचा वायू होऊन तो सामान्य तापमानाला आला, की त्याचे आकारमान सातशे पटींहून अधिक वाढते. वीज, उष्णता आणि दाब ही येथे एकाच साखळीची तीन कडी आहेत.

या साखळीने दोनदा धडा दिला. मार्च २००७ मध्ये अमेरिकेतील फर्मीलॅबने पुरवलेल्या एका चुंबकाचे आधार दाबचाचणीत मोडले. चुंबकावर एकाच बाजूने पडणारा रेटा आराखड्यात हिशेबातच धरलेला नव्हता. १९९८ ते २००२ या काळात झालेल्या चार अभियांत्रिकी परीक्षणांतही ही उणीव कोणाच्या ध्यानात आली नाही, हे फर्मीलॅबच्या संचालकांनी जाहीरपणे मान्य केले.

दुसरा धडा अधिक महाग पडला. यंत्रात पहिला झोत फिरल्यानंतर अवघ्या नऊ दिवसांनी, १९ सप्टेंबर २००८ रोजी, प्रवाह वाढवण्याची चाचणी चालू असता दोन चुंबकांमधील वाहकाचा एक सदोष जोड वितळला. तेथे उडालेल्या विद्युतज्वालेने हेलियमच्या पात्राला भोक पाडले. सुमारे सहा टन हेलियम वाया गेला आणि तीस टनांहून जड चुंबके जागची हलली. ५३ चुंबके बाहेर काढावी लागली व यंत्र वर्षाहून अधिक काळ बंद राहिले. चाचणीच्या वेळी बोगद्यात कोणालाही प्रवेश नव्हता, म्हणून मनुष्यहानी टळली.

सुरक्षेच्या झडपा येथेही होत्या. पण सेकंदाला फार तर दोन किलो हेलियम निसटेल, असे गृहीत धरून त्यांची रचना केलेली होती. प्रत्यक्षात तो त्याच्या सुमारे दहापट वेगाने उसळला. दोन्ही प्रसंगी खबरदारीचा अभाव नव्हता. ज्या गृहीतावर आराखडा उभा होता, तेच गृहीत परीक्षकांनीही स्वीकारले, हे खरे दुखणे होय. एकाच पायावर केलेली चार परीक्षणे ही चार परीक्षणे नसतात. ते एकच परीक्षण चार वेळा केलेले असते.

याचे एक कारण अर्थशास्त्रीय आहे. परीक्षणाचा खर्च आणि त्यामुळे होणारा विलंब रोजच्या रोज हिशेबात दिसतो. टळलेल्या अपघाताची नोंद मात्र कोणत्याच खातेवहीत होत नाही. त्यामुळे वेळापत्रकाला बांधलेल्या व्यवस्थापनाचा कल परीक्षणाला उपचाराचे रूप देण्याकडे झुकतो. यावर कोणी म्हणेल, की प्रत्येक शंकेपाशी थांबल्यास एकही यंत्र उभे राहणार नाही. हा आक्षेप निराधार नाही. परंतु मागणी अधिक परीक्षणांची नसून वेगळ्या परीक्षणाची आहे. परीक्षक वेळापत्रकाला बांधील नसावेत. ‘हा आकडा कोठून आला?’ हे विचारण्याचा त्यांना अधिकार असावा; आणि सुटे भाग उत्तम ठरले तरी संपूर्ण व्यवस्था एकत्र कशी वागते, हेही तपासले जावे.

सर्नने पुढे केले ते या दृष्टीने अनुकरणीय आहे. महिन्याच्या आतच, १६ ऑक्टोबर २००८ रोजी, प्राथमिक निष्कर्ष प्रसिद्ध झाले. झडपांची क्षमता वाढवली गेली आणि जोडांवर सूक्ष्म नजर ठेवणारी यंत्रणा बसली. दहा हजारांहून अधिक जोड २०१३ ते २०१५ मध्ये बळकट होईपर्यंत यंत्र नियोजित ऊर्जेच्या सुमारे निम्म्या पातळीवरच चालवले गेले. तरीही जुलै २०१२ मध्ये हिग्ज कणाचा शोध जाहीर झालाच. सावधगिरीने विज्ञान खोळंबते, या समजाला याहून चोख उत्तर कोणते? नव्या चुंबकांची संपूर्ण साखळी बोगद्यात उतरवण्यापूर्वी जमिनीवरच चालवून पाहण्याचा निर्णयही त्याच अनुभवाचे फळ म्हणता येईल.

या यंत्राची चुंबके ज्या आधारांवर तोलली आहेत, त्यांपैकी सात हजारांहून अधिक आधार भारताने पुरवले. तेथील प्रयोगांत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचाही वाटा आहे. तेथून तंत्रविद्या आणायची, तर तिच्यासोबत चूक मांडण्याची रीतही आणली पाहिजे. सार्वजनिक पैशातून उभ्या राहणाऱ्या आपल्या प्रकल्पांचे सुरक्षा-अहवाल शक्यतो खुले असावेत आणि त्यांत गृहीतांची स्वतंत्र छाननी असावी. धातूचा जोड कच्चा असेल तर तो एक यंत्र मोडतो. प्रश्न विचारण्याची परंपरा कच्ची राहिली, तर पुढचे प्रत्येक यंत्र धोक्यात राहते.