बहिणीची गोष्ट कधी सांगणार?

मराठी चित्रपटाने शाळकरी मुलाला न्याय दिला, याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. १९५३ साली आचार्य अत्रे यांनी ‘श्यामची आई’ पडद्यावर आणली, तेव्हापासून हा मुलगा आपल्या ओळखीचा आहे. गेल्या वीस वर्षांत तर त्याने गाव, जात आणि गरिबी यांची कुंपणेही ओलांडली. ‘टिंग्या’तला शेतकऱ्याचा पोर बैलासाठी झुरला. ‘शाळा’तला मुकुंद नववीत प्रेमात पडला. ‘फँड्री’तल्या जब्याने अवहेलना करणाऱ्यांवर दगड भिरकावला. परंतु या चित्रपटांतली मुलगी कोठे आहे? ती शिरोडकर आहे, शालू आहे. म्हणजे कोणाच्या तरी स्वप्नात आहे. ‘एलिझाबेथ एकादशी’तली झेंडू भावाच्या सायकलसाठी धडपडते. २०२३ च्या ‘नाळ २’मधील चिमीच्या भूमिकेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो योग्यच होता, पण चिमीपर्यंत आपण पोचतो ते तिच्या भावाचे बोट धरून.

हा प्रश्न केवळ पुण्या-मुंबईच्या रसिकांचा असता, तर त्याची चिंता करण्याचे कारण नव्हते. परभणी जिल्ह्यातील सोनपेठसारख्या तालुक्यातून पाहिले म्हणजे त्याचे गांभीर्य कळते. साखर कारखान्यांचा हंगाम आला की या भागातील तांड्या-वाड्यांतून ऊसतोडीला बिऱ्हाडे निघतात. आईबापांबरोबर गेलेली सहावी-सातवीतली मुलगी कोपीवर धाकटे भावंड सांभाळते, भाकऱ्या थापते. मागे राहिली, तर घर तिच्या अंगावर पडते. पुढची पायरी लग्नाची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत परभणी जिल्ह्यातील २० ते २४ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा ४८ जणींचे लग्न अठरा वर्षांच्या आत झाल्याचे आढळले. म्हणजे शाळा की संसार, याचा निकाल बारा-तेराव्या वर्षापासूनच लागू लागतो. आणि तो तिला न विचारता लावला जातो. शेजारच्या गंगाखेडची जनाबाई लहानपणीच परक्या घरी कामाला गेली, असे परंपरा सांगते. तिने आपले सुखदुःख स्वतःच्या शब्दांत मांडले, म्हणून सातशे वर्षांनंतरही आपण तिला ओळखतो.

चित्रपटाने बालविवाह थांबतील, असे कोणी म्हणणार नाही. तथापि जिची इच्छा कोठेच दिसत नाही, तिला इच्छा असते हेच समाज विसरून जातो. वडीलधाऱ्यांच्या शेजारी बसून पाहिल्या जाणाऱ्या कौटुंबिक चित्रपटाला ही आठवण करून देता येते.

यावर एक सोपी तोड काढली जाण्याचा संभव आहे. मैत्रिणींच्या टोळीत एक तांड्यावरची, एक मुसलमान, एक बौद्ध वस्तीतली अशा मुली बसविल्या की विविधता साधली! परंतु प्रजासत्ताकदिनाच्या चित्ररथावर उभे राहणाऱ्याला बोलावे लागत नाही. खरी कसोटी वेगळी आहे : या मुलीला काय हवे आहे, आणि ते मिळविण्यासाठी ती स्वतः काय करते? ‘दंगल’मध्ये मुली जिंकतात, पण स्वप्न बापाचे असते. उलट ‘सिक्रेट सुपरस्टार’मधील बडोद्याची इन्सिया बापाच्या धाकाला न जुमानता बुरख्याआडून गाते. सौदी अरेबियातील ‘वाज्दा’ची नायिका सायकल मिळावी म्हणून पाठांतराच्या स्पर्धेत उतरते. मुलींच्या गोष्टीला प्रेक्षक नाही, ही सबबही टिकत नाही. इन्सियाची गोष्ट २०१७ साली देशात चालली आणि पुढे चीनमध्येही.

विषय शोधायला दूर जावे लागणार नाही. उसाच्या फडावरून गावी परतलेल्या सहावीतल्या मुलीला आपल्या वर्गात पुन्हा बसायचे आहे, एवढ्या एका इच्छेवर अख्खा चित्रपट उभा राहील. भावाची गोष्ट आपण पुष्कळ ऐकली आणि डोळेही पुसले. आता बहिणीला बोलू द्यावे.