वाक्प्रचार : अर्थ आणि औचित्य

जामनेरसारख्या तालुक्याच्या गावी महाविद्यालयात येणारा विद्यार्थी घरी बहुधा तावडी बोलतो, वर्गात प्रमाण मराठी लिहितो आणि परीक्षेसाठी इंग्रजी वाक्प्रचार पाठ करतो. पाठांतराची रीत ठरलेली आहे : डावीकडे वाक्प्रचार, उजवीकडे मराठी अर्थ. ही रीत अपुरी आहे. आणि तिची उणीव भरून काढण्याचे साधन विद्यार्थ्याच्या स्वभाषेतच आहे.

‘टू किक द बकेट’ हा वाक्प्रचार घ्यावा. यादीत त्याचा अर्थ ‘मरणे’ असा असतो व तो चुकीचा नाही. परंतु तेवढ्यावर विसंबून एखाद्याने तो सांत्वनपत्रात योजला, तर वाक्य व्याकरणशुद्ध राहूनही असभ्य ठरेल; कारण त्यात थट्टेचा सूर आहे. हाच विद्यार्थी मराठीत अशी चूक करीत नाही. आजोबांना देवाज्ञा होते, गुरे दगावतात आणि नावडता माणूस गचकतो, हे त्याला कोणी न शिकविता ठाऊक असते.

मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त लक्षणेसाठी मुख्यार्थबाध, मुख्यार्थाशी संबंध आणि रूढी किंवा प्रयोजन ही अंगे सांगितली. बादलीचा वाच्यार्थ बाधित होऊन मृत्यूचा अर्थ रूढीने लागतो, येथवर ही उपपत्ती उपयोगी पडते. तो प्रयोग कोठे शोभतो, हा प्रश्न मात्र औचित्याचा आहे. अकराव्या शतकातील क्षेमेंद्राने ‘औचित्यविचारचर्चे’त औचित्याची स्थाने पद आणि वाक्य यांपासूनच मोजली आहेत. पदव्युत्तर वर्गात शिकविले जाणारे हे विचार इंग्रजी वाक्प्रचारांनाही लावून पाहावयास हवेत.

बोलीचा आधार घेतल्यास इंग्रजी कच्चे राहील, असा आक्षेप घेतला जातो. वस्तुतः समानार्थी प्रयोग शोधताना भेदही उघड होतात. ‘टू बर्न द मिडनाइट ऑइल’ याला ‘रात्रीचा दिवस करणे’ हा प्रतिशब्द सुचतो. पण मराठीत आजाऱ्याच्या उशाशी बसणारी आई आणि रात्री पिकाला पाणी भरणारा शेतकरी, दोघेही रात्रीचा दिवस करतात. इंग्रजी प्रयोगातील दिवा प्रामुख्याने अभ्यासाचा व लेखनाचा आहे. हा फरक यादी सांगत नाही, वाक्य सांगते.

म्हणून ‘अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा’ या प्रश्नास आणखी एक जोड द्यावी : हा प्रयोग कोणापुढे करू नये? त्याचे उत्तर ज्याला देता येते, त्यालाच तो वाक्प्रचार समजला असे म्हणता येईल.