सल्ला आला नाही म्हणजे कीड नाही, असे नव्हे

कामगंध सापळ्यात एकही पतंग आढळला नाही, तर शेतात कीड नसेल किंवा सापळ्यातील ल्यूर दुसऱ्याच किडीचा असेल. विस्तार कार्यकर्ते हा भेद जाणतात. मात्र सापळ्यांच्या नोंदी रात्रीतून तपासून सल्ला तयार करणाऱ्या संगणकीय स्क्रिप्टच्या 'शून्या'कडे तितक्या संशयाने पाहिले जात नाही.

गुलाबी बोंडअळीसाठी सलग 3 रात्री प्रतिसापळा 8 पतंग ही आर्थिक नुकसानीची पातळी मानली जाते. समजा, पीक 'कापूस' आहे का, हे एक स्क्रिप्ट दुहेरी समानचिन्हाने (==) पडताळते आणि मगच पतंग मोजते. पहिल्या ओळीत तिने केवळ 'एसएच' हा शेल मागितला आहे. रेड हॅट परिवारातील लिनक्सवर एसएच म्हणजे बॅशच. तिथे सारे सुरळीत चालते. उबुंटूवर मात्र 2006 पासून एसएच म्हणजे डॅश. डॅशच्या एकेरी चौकटी कंसात दुहेरी समानचिन्हाला स्थान नाही. तो त्रुटीची एक ओळ लिहितो, अट असत्य धरतो आणि पुढे जातो. ती ओळ क्रॉनच्या, कोणीही न उघडणाऱ्या, टपालात पडते. पतंग 8 असोत वा 80, सल्ला निघत नाही. बॅशची अ‍ॅरे-रचना डॅशला दिली तर स्क्रिप्ट तिथेच थांबते. ते त्या मानाने प्रामाणिक अपयश म्हणायचे.

यावर 'सर्वांनी बॅशच वापरावा' हे उत्तर अपुरे आहे. मॅकसोबत येणारा बॅश अजूनही 3.2 या जुन्या आवृत्तीचा आहे, तर लहान उपकरणांतील बिझीबॉक्समध्ये बहुधा अ‍ॅश असतो. म्हणून केंद्राकेंद्रांत वाटायच्या स्क्रिप्ट 1992 मध्ये ठरलेल्या पॉसिक्स शेल-मानकातच लिहिल्या जाव्यात: एकच समानचिन्ह, एकेरी कंस, 'इको'ऐवजी 'प्रिंटएफ', चलांभोवती अवतरणचिन्हे. बॅशची खास सोय अपरिहार्यच असेल, तर पहिल्या ओळीत बॅशचे नाव स्पष्ट असावे. तारखांचा प्रश्न वेगळा आणि अधिक किचकट आहे. लिनक्सवर 'काल' म्हणून तारीख मागता येते, मॅकच्या 'डेट' आज्ञेत ती सोय त्या रूपात नाही. आणि 'सलग 3 रात्री' ही अट तर तारखांवरच उभी आहे.

'शेलचेक' हे मोफत साधन यातील बऱ्याच चुका दाखवते. तरीही हंगामापूर्वी प्रत्येक केंद्राने 3 रात्री 9-9 पतंगांची बनावट नोंद देऊन स्क्रिप्ट आपल्याच संगणकावर, क्रॉनमार्फतच, चालवून पाहावी. इशारा निघाला नाही, तर ती स्क्रिप्ट त्या संगणकावर वापरू नये.