पोलादाला पाणी देणारा 'अकुशल' कसा?

मुळशीकरांनो, निवडणूक आली की बॅनर ठरलेला: 'भूमिपुत्रांना रोजगार द्या!' मागणी रास्तच आहे. पण रोजगार कसला? पिरंगुट-उरवडे पट्ट्यात आपला पोरगा भट्टीवर लागतो तो बहुतेकदा हेल्पर म्हणून. माल आत घाल, वेळ झाली की बाहेर काढ. आत काय घडतं, हे सांगतंय कोण?

आता गावातला लोहार बघा. ट्रकच्या जुन्या पाट्याचा कोयता करतो. लाल तापवतो, धार पाण्यात किंवा तेलात बुडवतो, मग परत हलकं शेकतो. याला आपण 'पाणी देणं' म्हणतो. कारखान्यात हेच हार्डनिंग आणि टेम्परिंग!

पोलाद म्हणजे लोखंड आणि थोडासा कार्बन. ७२७ अंश सेल्सिअसच्या वर लोखंडातली अणूंची मांडणी बदलते आणि कार्बन तिच्यात विरघळतो, हे ऑस्टेनाइट. सावकाश गार केलं तर कार्बनला बाहेर पडायला वेळ मिळतो, मऊ आणि कडक थर आलटून पालटून बसतात, हे पर्लाइट. झटक्यात गार केलं तर कार्बन आतच अडकतो आणि मार्टेन्साइट तयार होतं. ते कडक, पण ठिसूळ. म्हणून परत शेकायचं: थोडा कडकपणा जातो, चिवटपणा येतो. लोहार हे रंगावरून ओळखतो. गवती पिवळा म्हणजे सुमारे २३० अंश, निळा म्हणजे ३०० च्या आसपास. आणि कागदोपत्री हा माणूस 'अकुशल'!

काही जण म्हणतील, हेल्परला एवढं कळून काय करायचंय? अहो, भट्टीतून टाकीत जायला उशीर झाला तर बोल्ट मऊ राहतो. शेकायचा राहिला तर अचानक तुटतो. वरून दोन्ही सारखेच दिसतात. ज्याला यातलं कळतं तो ऑपरेटर होतो, पगार वाढवून मागतो. ज्याला कळत नाही तो कंत्राट संपलं की घरी.

कंपन्यांनी सीएसआरमधून शाळेच्या भिंती रंगवल्या, ठीक आहे. आता महिन्यातून दोन तास, कामाच्या वेळेत, मराठीतून हे शिकवा. धातुशास्त्र शिकवणारं सीओईपी शिवाजीनगरला आहे, तिथले प्राध्यापक बोलवा. सोबत आपल्या लोहारालाही मानधन देऊन उभं करा. नुसता फोटो काढायला नाही, शिकवायला.

येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडा. 'किती पोरं लावली' एवढंच विचारू नका. 'किती पोरं शिकवली' तेही विचारा. पटलं तर पुढे पाठवा.