एल्कच्या नावानं चांगभलं

ऑगस्ट लागला की कोलोरॅडोतल्या बंदुकांच्या दुकानांत एक ठरलेला संवाद ऐकू येतो. गिऱ्हाईक म्हणतं, घरात हरणाची रायफल आहे, यंदा एल्कचंही लायसन्स काढलंय. काउंटरमागचा माणूस गंभीर होतो. मागच्या रॅकवरून एक लांब, जड 'मॅग्नम' खाली येते आणि गिऱ्हाइकाला वाटायला लागतं की आजवर आपण खेळण्यानं शिकार करत होतो. हरणाला एक रायफल, एल्कला दुसरी. ही शुद्ध थाप आहे. नुसती खिसा कापणारी असती तर मी तिच्यावर एवढे शब्द खर्च केले नसते. पण तिची किंमत शेवटी जखमी जनावर मोजतं.

आधी जनावरं बघू. इथलं हरण म्हणजे मोठ्या कानांचं म्यूल डिअर, नर साधारण ७० ते १२० किलोंचा. एल्कचा नर ३०० किलोंच्या पुढे, मादी सव्वादोनशेच्या आसपास. चितळ आणि सांबर शेजारी उभे करा, प्रमाणाचा अंदाज येईल. (युरोपात एल्क म्हणजे मूस, तो वेगळाच प्राणी. तिकडच्या माणसाशी वाद घालायचा तर हे आधी मिटवून घ्यावं.) कोलोरॅडोत ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रायफलचे चार सीझन असतात, पहिला फक्त एल्कचा, पुढचे तीन दोघांचे. म्हणजे त्याच आठवड्यात, त्याच डोंगरावर, एकाच माणसाच्या खिशात दोन्ही लायसन्सं असू शकतात. तीन हजार मीटर उंचीवर, बर्फात, दोन रायफली पाठीला लावून कोण चढणार? एक रायफल दोघांना पुरेल का, हा प्रश्न म्हणून खरा आहे. आणि त्याचं उत्तर शंभर वर्षं जुनं आहे.

जनावर तिप्पट जड म्हणून रायफल तिप्पट दांडगी, हे गणित पटकन पटतं. पण गोळी दोन्ही फुप्फुसांतून गेली की हरणही कोसळतं आणि एल्कही. गंमत अशी की एल्कचं निशाण उलट मोठं. हरणाचं नाश्त्याच्या प्लेटएवढं, तर एल्कचं जेवणाच्या ताटाएवढं. एल्कसाठी जास्तीचं लागतं ते एवढंच, की जाड कातडं, बरगडी, वेळ पडली तर खांद्याचं हाड फोडून गोळी अखंड आत जायला हवी. आणि ते काम गोळीच्या बांधणीचं आहे. जॉन नॉस्लर नावाचा माणूस १९४६ साली ब्रिटिश कोलंबियात मूसच्या शिकारीला गेला होता. हातात मॅग्नमच होती. मूसच्या चिखलानं माखलेल्या कातड्यावर त्याच्या गोळ्या वरच्यावर फुटल्या. घरी येऊन त्यानं आणखी मोठी रायफल घेतली नाही. गोळीच्या पोटात धातूची आडभिंत घातली, म्हणजे पुढचा भाग फुलेल आणि मागचा शाबूत राहून खोल जाईल. १९४८ पासून ती 'पार्टिशन' गोळी बाजारात आहे. दुकानदाराला ही गोष्ट ठाऊक असते. सांगत नाही, कारण गोळ्यांच्या डब्यात किती सुटणार?

राज्याच्या कायद्यानं बघितलं तरी हेच दिसतं. कोलोरॅडोत एल्कसाठी किमान सहा मिलिमीटर व्यासाची आणि ८५ ग्रेन वजनाची, फुलणारी गोळी लागते आणि १०० यार्डांवर तिच्यात १००० फूट-पाउंड ऊर्जा उरायला हवी. अमेरिकन सैन्यानं १९०६ साली स्वीकारलेलं थर्टी-ऑट-सिक्स हे काडतूस त्या अंतरावर याच्या दुपटीहून जास्त ऊर्जा घेऊन पोचतं. त्याचंच तोंड आवळून १९२५ साली केलेलं टू-सेव्हन्टी विंचेस्टरही. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यावर १९०७ साली जिम कॉर्बेटला बक्षीस मिळालेली पॉइंट टू-सेव्हन-फाइव्ह रिग्बी याच जातकुळीची, किंबहुना थोडी सौम्यच. आज कॉर्बेट तीच रायफल घेऊन दुकानात गेला, तर एल्कसाठी हलकी पडेल म्हणून त्याला परत पाठवतील.

वाद जुना आहे. 'आउटडोअर लाइफ' मासिकात जॅक ओकॉनर वर्षानुवर्षं टू-सेव्हन्टीची बाजू लढवत राहिला. समोर एल्मर कीथ, आयडाहोचा काउबॉय, जाड आणि जड गोळीचा भक्त. कीथचं म्हणणं टाकाऊ नव्हतं. एल्क दरवेळी कडेनं उभा राहून फुप्फुसं दाखवत नाही, पाठ फिरवून पळत असतो, तेव्हा मागून पुढपर्यंत आरपार जाणारी गोळी हवी. याला माझं उत्तर एका ओळीचं आहे. पाठ फिरवलेल्या एल्कवर गोळी झाडू नका.

आता मॅग्नमचा हिशोब. तीच १८० ग्रेनची, म्हणजे पावणेबारा ग्रॅमची गोळी थर्टी-ऑट-सिक्समधून सेकंदाला सुमारे २७०० फुटांनी सुटते, थ्री-हंड्रेड विंचेस्टर मॅग्नममधून २९६० फुटांनी. दहा टक्क्यांचा फरक. दोनशे यार्डांवर नेम बसवलेला असेल, तर तीनशे यार्डांवर गोळी दीड-दोन इंच कमी खाली येते. समोर ताटाएवढं निशाण आहे, हे विसरू नका. या दोन इंचांसाठी खांद्यावर बसणारा धक्का जवळपास तीस टक्क्यांनी वाढतो. आणि हीच रायफल शंभर यार्डांवरच्या हरणावर चालवली, की पुढचा फरा रक्ताळून जातो, निम्मं मांस टाकून द्यावं लागतं.

धक्क्याबद्दल कोणी बोलत नाही, मर्दानगीचा प्रश्न येतो ना! पण अंगाला अहंकार नसतो. वीस गोळ्या झाडल्या की अंग शिकतं, एकविसाव्या वेळी चाप दाबायच्या आधीच डोळे मिटतात आणि खांदा आक्रसतो. मग माणूस सराव टाळतो. वर्षाला एक डबाही संपत नाही. ऑक्टोबरात धाप लागलेली, बोटं गारठलेली, आणि समोर आयुष्यातला पहिला एल्क. गोळी फुप्फुसांच्या मागे, पोटात जाते. एल्क पडत नाही. अंग आक्रसतो, वळतो आणि फरच्या दाट रानात चालत शिरतो. रक्त फारसं सांडत नाही, कारण भोक चरबीनं आणि केसांनी बुजतं. शिकारी तासभर हुडकतो, अंधार पडतो, "चुकली बहुतेक" म्हणून तो तंबूत परततो. जखमी जनावराचा माग काढायचा मनापासून प्रयत्न करणं कायद्यानं बंधनकारक आहे, पण तिथे बघायला कोण असतं? एल्क रात्रभर, कधी त्याहूनही जास्त वेळ, मरत राहतो. मग कोल्हे-कायोटी आणि डोमकावळे. दुकानातलं 'एल्कला जास्त ताकद हवी' हे वाक्य शेवटी इथे येऊन पोचतं.

दुसऱ्या टोकाला मोबाइलवरचे नेमबाज आहेत. २००७ साली आलेलं सिक्स-फाइव्ह क्रीडमूर हे काडतूस मुळात उत्तम, धक्का कमी, नेम सरळ. साडेसहा मिलिमीटरच्याच जुन्या स्वीडिश काडतुसावर स्कँडिनेव्हियात शतकभर मूस पडलेत. पण व्हिडिओत ते सहाशे यार्डांवरून चालवतात. तिथवर जायला गोळीला अर्ध्या सेकंदाहून जास्त लागतो, आणि चरणाऱ्या एल्कला एक पाऊल टाकायला तेवढा वेळ पुरतो. दोन पंथ, एकच रोग: जवळ जायचे कष्ट पैसे देऊन टाळायचे.

शिकारच कशाला, असं तुमच्यापैकी अनेकजण म्हणणार. भारतात १९७२ च्या कायद्यानं शिकार बंद झाली ते योग्यच झालं. इथली परिस्थिती वेगळी आहे. एल्कची संख्या अडीच लाखांच्या वर, किती मारायचे ते राज्य ठरवतं, आणि १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार रायफली-काडतुसांवरचा कर वन्यजीव संवर्धनाला जातो. (त्या हिशोबानं अनावश्यक मॅग्नमसुद्धा थोडं पुण्य करते, हे मान्य.) हे पटलं नाही तरी एवढं पटेल, की मारायचंच असेल तर नीट मारावं.

तर घ्यायची काय? थर्टी-ऑट-सिक्स, टू-सेव्हन्टी किंवा थ्री-ओ-एट, यांपैकी खांद्याला सोसेल ती. जुनी चालेल. काडतुसं छोट्या गावातही मिळतात. गोळी पक्क्या बांधणीची, जमल्यास अख्ख्या तांब्याची, म्हणजे टाकलेल्या आतड्यांतलं शिसं गरुडांच्या पोटात जात नाही. कॅलिफोर्नियानं २०१९ पासून शिकारीत शिशाची गोळी बंदच केली आहे. दोन्ही जनावरांना तीच गोळी वापरा, नेम पुन्हा बसवायला नको. वाचलेल्या पैशांतून उन्हाळाभर सराव करा, टेबलावरून नव्हे, गुडघ्यावर बसून, थोडं पळून आल्यावर. ज्या अंतरावर पाचही गोळ्या नाश्त्याच्या प्लेटमध्ये बसतात, तिथे तुमची हद्द संपते. माझी अडीचशे यार्डांवर संपते. पलीकडे एल्क दिसला तर मी थर्मासमधला चहा पितो, वारा कुठून येतोय ते बघतो आणि ओणवा होऊन पुढे सरकायला लागतो.