कारणाचा रकाना

परळच्या भोईवाड्यात पोलीस ठाणं आहे, कोर्ट आहे आणि पायी जाण्याच्या अंतरावर केईएम, टाटा, वाडिया ही रुग्णालयं आहेत. जीव वाचवण्यासाठी महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून माणसं इथे येतात. जीव देण्याचा प्रयत्न केलेली माणसंही इथेच आणली जातात. एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवायच्या वैद्यकीय प्रकरणाची, नोंद होते, जबाब घेतला जातो आणि कारणाच्या रकान्यात एक ओळ लिहिली जाते : ‘आजाराला कंटाळून’, ‘घरगुती वादातून’, ‘दारूच्या नशेत’. दुसऱ्या दिवशी बातमीतही तीच ओळ असते. ती वाचून आपल्याला सगळं समजल्यासारखं वाटतं आणि पुढे कुणी काही विचारत नाही.

दिवाळी अंकाच्या पहिल्या पानावर हा विषय कशाला, असं काही वाचकांना वाटेल. पण ज्या घरात हे घडून गेलं आहे, त्या घरातही दिवाळी येते. अशी घरं थोडी नाहीत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केली. सर्वाधिक आकडा महाराष्ट्राचा होता : २२,७४६. देशातल्या या मृतांमध्ये दहापैकी सात पुरुष होते, चौथ्या हिश्श्याहून अधिक जण रोजंदारीवर जगणारे होते आणि जवळपास दोन तृतीयांश लोकांचं वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत होतं. त्याच अहवालात कारणांच्या यादीत पहिली येते ती ‘कौटुंबिक समस्या’. घरात भांडण होतं हे खरं असेलही. पण भांडणाच्या आधी काय काय घडून गेलं होतं, ते या दोन शब्दांत कुठे दिसतं?

कापडगिरण्यांच्या या गिरणगावाला याचं उत्तर ठाऊक आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. पगार थांबला, मग बायकोचे दागिने गेले, वाण्याची उधारी थकली, सावकाराचं व्याज चढत गेलं, पोराची शाळा सुटली. गाळ्यात ताठ मानेनं उभा राहणारा माणूस दिवसभर घरी बसू लागला आणि संध्याकाळी गुत्त्यावर दिसू लागला. काहींनी जीव दिला. प्रत्येक वेळी नोंदीसाठी एखादं ताजं कारण हाताशी होतंच, आदल्या रात्रीचं. जयंत पवारांचं ‘अधांतर’ हे नाटक ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना हे घर वेगळं दाखवायला नको.

आम्हाला महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. गिरणीबरोबर फक्त पगार गेला नाही. गाववाल्यांची खोली, खानावळ, भजनी मंडळ, व्यायामशाळा, पाळी सुटल्यावरचा नाक्यावरचा घोळका, हे सगळं विस्कटलं. कामावर खाडा झाला तर संध्याकाळी कुणीतरी दारात येऊन ‘काय रे, बरं नाही का?’ असं विचारायचं. समाजाशी माणसाचं नातं सैल झालं की आत्महत्येचा धोका वाढतो, हे एमिल दुर्खीम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञानं १८९७ सालीच मांडलं होतं. आज याच टापूतल्या टॉवरखाली बारा तास उभ्या असणाऱ्या कंत्राटी सुरक्षारक्षकाचा खाडा झाला, तर त्याच्या जागी दुसरा येतो. त्याची चौकशी कोण करतं?

रकान्यातलं एक कारण किती अपुरं असतं, हे कळण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयासमोर १९८६ साली आलेला एक खटला वाचण्यासारखा आहे. मुंबई पोलिसांतल्या एका शिपायाच्या डोक्याला रस्त्यावरच्या अपघातात मार लागला, त्यानंतर त्याला मानसिक आजार जडला. घर चालावं म्हणून भाजीच्या दुकानाची परवानगी हवी होती, ती मिळाली नाही. त्यानं महापालिकेतच जीव देण्याचा प्रयत्न केला. त्याला वाचवलं गेलं आणि आत्महत्येच्या प्रयत्नाबद्दल त्याच्यावर भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ खाली खटला भरण्यात आला. डोक्याची दुखापत, मनाचा आजार, पैशाची ओढाताण आणि दाद न मिळणं, चारही गोष्टी एका माणसात. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या खंडपीठानं ते कलमच घटनाबाह्य ठरवलं. अशा माणसाला तुरुंगाची नव्हे, उपचारांची गरज असते, ही त्यामागची दृष्टी होती. सर्वोच्च न्यायालयानं १९९६ साली ते कलम पुन्हा वैध ठरवलं. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरलं आणि त्याची काळजी घेणं, त्याचं पुनर्वसन करणं हे सरकारचं कर्तव्य ठरवलं. नव्या न्याय संहितेत कलम ३०९ उरलेलं नाही. तरीही ‘पोलिसांचं लफडं नको’ म्हणून घरचे आजही ‘चुकून झालं’ असं सांगतात. मग जखम बरी होते आणि मनावर उपचार न होताच माणूस घरी परततो.

धोका सर्वांत जास्त असतो तो याच काळात. आधी केलेला प्रयत्न ही पुढच्या धोक्याची सर्वांत मोठी खूण मानली जाते. मानसोपचार वॉर्डातून घरी सोडल्यानंतरचे पहिले आठवडे तसेच नाजूक असतात आणि कॅन्सरचं निदान कानावर पडल्यानंतरचेही. टाटाच्या फूटपाथवर फाइल छातीशी धरून बसलेल्या माणसाला वेदनेइतकीच चिंता असते ती आपल्यापायी शेत विकलं जाईल याची. वेदना आटोक्यात आणता येते, नैराश्यावर उपचार होतात, खर्चासाठी वाटा शोधता येतात. पण ‘मी गेलो तर तुम्ही सुटाल’ हे वाक्य त्याच्या तोंडून आलं, तर ते ऐकणाऱ्यानं थांबून ऐकायला हवं. ‘असं अभद्र बोलू नये’ म्हणून आपण ते तिथेच गाडतो. मरणाचे विचार येतात का, असं सरळ विचारल्यानं ते विचार डोक्यात शिरत नाहीत, हे संशोधनानं पुन्हा पुन्हा दाखवलं आहे. उलट बोलायला वाट मिळते.

आणि वाचलेला माणूस पुन्हा तेच करणार, हा समज चुकीचा आहे. प्रयत्नातून बचावलेल्या दहांपैकी सुमारे नऊ जण पुढे आत्महत्येनं मरत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेनं चेन्नईसह पाच देशांतल्या पाच ठिकाणी एक अभ्यास केला. तो २००८ साली प्रसिद्ध झाला. प्रयत्न करून रुग्णालयात आलेल्यांपैकी काहींशी तासभर नीट बोलणं झालं आणि पुढे दीड वर्ष ठरावीक अंतरानं कुणीतरी फोन केला किंवा घरी जाऊन भेटलं. दीड वर्षानं हिशेब केला, तेव्हा नेहमीचेच उपचार मिळालेल्यांपैकी २.२ टक्के आत्महत्येनं दगावले होते. ज्यांची विचारपूस होत राहिली, त्यांच्यापैकी ०.२ टक्के. जे एके काळी चाळीच्या गॅलरीत आपसूक होत होतं, ते आता आपल्याला ठरवून करावं लागेल.

ज्या घरात मृत्यू झाला, त्या घरी पहिल्या दिवाळीत फराळाचं करत नाहीत. शेजारीपाजारी, नातेवाईक डबे नेऊन देतात. आत्महत्या झालेल्या घरी मात्र जायला पाय अडखळतो. काय बोलावं ते सुचत नाही, आणि नको ती कुजबूज आधीच जिन्यावर झालेली असते. मागे राहिलेल्या या माणसांनाही धोका असतो. वाचकहो, यंदा एक डबा त्या घरी न्या. का केलं, कसं केलं, हे विचारू नका; गेलेल्याचं नाव घ्या आणि थोडा वेळ बसा. रुग्णालयातून परत आलेलं कुणी ओळखीत असेल, तर त्यांना या आठवड्यात फोन करा आणि पुढच्या महिन्यातही करा. तुम्हाला स्वतःलाच जीव नकोसा झाला असेल, तर घरातल्या एकाला तरी आजच सांगा, आणि १४४१६ हा ‘टेलिमानस’चा नंबर फिरवा. तो चोवीस तास चालू असतो, त्याला पैसे पडत नाहीत आणि तिथे मराठीत बोलता येतं.