टोप अस्सल, गोष्ट नकली
द्वितीय वर्ष कला (इतिहास)

इतिहासाच्या तासाला सरांनी साधनांचे दोन प्रकार सांगितले : लिखित आणि भौतिक. कागद खोटा असू शकतो, हे आम्हांला लगेच पटले. पण वस्तू कशी खोटी बोलेल? लोखंड ते लोखंडच! वर्गातल्या बहुतेकांचे मत असेच पडले, माझेही. पुढे दुसऱ्या महायुद्धातील नौदलांच्या पोलादी टोपांविषयी आणि ते जमविणाऱ्या संग्राहकांविषयी वाचनात आले, आणि माझे मत बदलले. ते का बदलले, हे सांगण्यासाठी हा लेख.

पोस्टाची तिकिटे जमविणारे असतात, तसे युद्धातले टोप जमविणारेही असतात. यात हसण्यासारखे काही नाही. उघड्या डेकवर तोफेपाशी उभ्या असलेल्या खलाशावर बॉम्बच्या कपच्या येऊन आदळत, तेव्हा त्याच्या आणि मरणाच्या मध्ये मिलिमीटरभर जाडीचे हे पोलाद एवढाच काय तो आडोसा असे. अमेरिकन नौदलात टेलिफोनवरून हुकूम घेणाऱ्या खलाशासाठी तर खास मोठा टोप होता. कानांवरचे फोन न काढता तो घालता यावा म्हणून. अशी वस्तू हातात आली, तर कोणीही क्षणभर गप्प होईल.

पण बाजारात भाव येतो तो गोष्टीला. अमेरिकेचे ‘एम-1’ जातीचे टोप युद्धकाळात दोन कोटींहून अधिक बनले. तेव्हा साधा टोप काही दुर्मीळ नव्हे. मात्र त्याच टोपावर करडा पट्टा आणि कपाळावर लाल कमान रंगविलेली असली, की तो 6 जून 1944 रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या नौदलाच्या तुकडीचा ठरतो आणि त्याची किंमत कितीतरी पटींनी चढते. म्हणजे रंगाचा एक डबा आणि एक कुंचला एवढ्या भांडवलावर वीरपुरुष तयार करता येतो!

जर्मनांच्या बाबतीत निराळीच गंमत. त्यांच्या नौदलाच्या टोपावर सोनेरी गरुड असे, भूदलाच्या टोपावर रुपेरी. सोनेरी कमी, म्हणून महाग. पण रुपेरी गरुडावरचे रोगण वर्षानुवर्षांनी पिवळे पडते, आणि मग तोच सोनेरी म्हणून मिरवतो. इथे कोणी मुद्दाम फसवायलाही नको. मालकाची हौसच त्याला फसवते.

मग खरे-खोटे ओळखायचे कसे? ब्रिटिशांचे आणि अमेरिकनांचे टोप मुख्यतः मँगनीज पोलादाचे. शेफील्डच्या रॉबर्ट हॅडफील्ड यांनी 1882 च्या सुमारास शोधलेले हे पोलाद. त्यात 12 टक्क्यांच्या आसपास मँगनीज असते, आणि त्यामुळे लोहचुंबक त्याला धरत नाही. चुंबक घट्ट बसला, तर शंका घ्यावी. ब्रिटिशांचे जे टोप चाचणीला उतरत नसत, त्यांच्या काठाला भोके पाडून ते नागरी कामासाठी देत. असली भोके बुजवून कोणी ‘युद्धनौकेवरचा टोप’ म्हणून समोर ठेवला, तर काय ते समजावे. काठाच्या आतल्या बाजूला कारखान्याची अक्षरे आणि साल ठोकलेले असते. आतल्या गादीचे साल वेगळे असते. दोन्हींचा मेळ घालून पाहावा. ‘एम-1’च्या काठावर जी पट्टी असते, तिचा सांधा आधी पुढच्या बाजूला होता, तो 1944 च्या अखेरीस मागे गेला. मागे सांधा असलेल्या टोपावर नॉर्मंडीची लाल कमान असेल, तर रंग खोटे बोलतो आहे आणि सांधा खरे.

ही पद्धत आपल्याला परकी नाही. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून दप्तरे धुंडाळत होते, ते याच हट्टापायी. बखरीतली गोष्ट कितीही रंगतदार असो, समकालीन कागद काय म्हणतो ते आधी पाहा, हा त्यांचा आग्रह. टोपावरचा रंग ही बखर समजा आणि काठावर ठोकलेले साल हा अस्सल कागद.

यावर कोणी म्हणेल, विकणारा खूश, घेणारा खूश. मग बिघडले कोठे? मलाही आधी तसेच वाटले होते. पण एक घरगुती गोष्ट सांगतो. आमच्या घरी एक पितळी हंडा आहे. तो पणजोबांना इनामदारांनी बक्षीस दिला, असे मी लहानपणापासून ऐकत आलो. गेल्या दिवाळीत चिंचेने घासताना त्याच्या काठावरची झिजलेली अक्षरे मी लावून पाहिली. नाव आजीचे निघाले आणि साल 1974. काका रागावले. शिकून हेच शिकलास का, म्हणाले. आजीला वाचता येत नाही. ती जरा वेळाने म्हणाली, ‘‘बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जात होते. त्या मजुरीतले मागे टाकलेले पैसे होते. तुम्ही सगळे एवढ्या कौतुकाने सांगत होता, मी मधे कशाला बोलू?’’

इनामदारांच्या त्या गोष्टीने कोणाचे काही बिघडत नव्हते, असे आम्ही समजत होतो. आजीचे बिघडत होते. नकली टोपाचेही असेच आहे. ज्या खलाशाने खरोखर त्या किनाऱ्यावर पाय ठेवला, त्याची जागा एक कुंचला बळकावतो. आणि ज्याच्या साध्या टोपावर हा नवा रंग चढतो, त्याच्या काठावरचे ओरखडे, आत शाईने लिहिलेले नाव, सारे त्याखाली कायमचे जाते.

आणखी एक प्रश्न संग्राहकाने विचारलाच पाहिजे : हा टोप आला कोठून? 27 फेब्रुवारी 1942 रोजी जावाच्या समुद्रात ‘डी रॉयटर’ आणि ‘जावा’ या डच युद्धनौका आपल्या खलाशांसह बुडाल्या. 2016 मध्ये पाणबुडे तिथे गेले, तेव्हा तळाशी त्या नौका जवळजवळ उरलेल्याच नव्हत्या. भंगारासाठी कोणी तरी कापून नेल्या होत्या. बुडालेल्या युद्धनौकांच्या संरक्षणासाठी ब्रिटनने 1986 मध्ये कायदा केला, तो उगीच नव्हे. अशा जागेतून चोरून आणलेला टोप शंभर टक्के अस्सल असेल, तरी तो कपाटात मांडण्याची वस्तू नाही. थडगे उकरून आणलेली वस्तू घरात शोभेला ठेवतात का?

म्हणून माझे म्हणणे इतकेच, की टोप जमवा, पण त्याच्यावर गोष्ट चढवू नका. जे ठोकलेले आहे ते वाचा. जे नाही, तिथे चिठ्ठीवर ‘माहीत नाही’ असे स्वच्छ लिहा. या दोन शब्दांची लाज विक्रेत्याला वाटेल. इतिहासाच्या विद्यार्थ्याला वाटू नये.

आमचा हंडा आता आजीचा हंडा म्हणून ओळखला जातो. काकाही तसेच म्हणू लागले आहेत.